पोलिसांची जुनी जीप: शोधण्यापासून पाटी रंगवण्यापर्यंत

पोलीस खात्यातून निघालेल्या जीपच्या अंगावर भोकं फार असतात. बॉनेटवर, काचेच्या चौकटीवर, मागच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या खाली. गाडी बॉडीवाल्याकडे गेली की तो सगळ्यात आधी ही भोकं टाके मारून बुजवतो, वर पुट्टी ओढतो आणि पत्रा गुळगुळीत करून देतो. काम सुबक दिसतं, पण ती गाडी पोलिसांची होती हे सांगणारा पुरावा त्याच दिवशी जातो. सायरन कुठे होता, वायरलेसची एरियल कुठे होती, पाटी किती रुंद होती, हे सगळं त्या भोकांवरूनच कळतं. म्हणून या लेखातली पहिली सूचना हीच: भोक कशासाठी पाडलं होतं हे कळेपर्यंत ते बुजवू नका.

मी इथे महिंद्राच्या सीजे-३बी जीपबद्दल लिहितो आहे. महाराष्ट्रात ‘पोलिसांची जीप’ म्हटलं की एका पिढीच्या डोळ्यांपुढे हीच गाडी येते. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी आली, तिला जीपवाले ‘हाय बोनेट’ म्हणतात. आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ पर्यंत बनलं, आपल्याकडे त्यानंतरही बराच काळ.

गाडी कुठे सापडते

सरकारी लिलावात जाऊन जुनी जीप उचलून आणू, असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही आणि ती वाहनं नोंदणीकृत मोडीत केंद्रातच जातात. म्हणजे आज जी गाडी मिळू शकते ती त्याआधी, बहुधा ऐंशी-नव्वदच्या दशकात, निर्लेखित होऊन, म्हणजे खात्याच्या वापरातून रद्द होऊन, लिलावात विकली गेलेली आणि तेव्हापासून खासगी मालकाकडे असलेली.

त्या गाड्या लिलावानंतर कुठे गेल्या याचा विचार केला की शोध सोपा होतो. काही शेतावर गेल्या, काही खडीच्या क्रशरवर, काही मळीचे आणि पाण्याचे टँकर ओढायला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे बऱ्याच जीप वडापला, म्हणजे गावोगावच्या खासगी प्रवासी वाहतुकीला, लागल्या. मराठवाडा-विदर्भात त्याच धंद्यात काळी-पिवळी झाल्या. तेव्हा तालुक्याच्या गावी जा आणि साठीच्या पुढच्या मिस्त्रीला गाठा. ‘जुनी जीप आहे का’ असं विचारू नका, कारण त्याला सगळ्याच जीप जुन्या वाटतात. ‘लिलावातली पेट्रोल जीप कुणी घेतली होती का’ असं विचारा. लिलावात कुणी काय घेतलं हे गावात चाळीस वर्षांनीही लोकांच्या लक्षात असतं.

माझी गाडी सांगोल्याच्या बाजूला एका डाळिंबाच्या बागेत मिळाली. मागच्या बाकांच्या जागी फवारणीची टाकी बसवलेली, टप कधीच गेलेला, काचेची चौकट तारेने बांधलेली. मालकाला ती विकायची आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दोन वेळा नुसता चहा पिऊन परत आलो, तिसऱ्या खेपेला त्यांनीच विषय काढला.

सुट्या भागांसाठी मात्र शहराशिवाय इलाज नाही. मुंबईत कुर्ल्याची जुन्या पार्टची दुकानं आणि चोर बाजार, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार. गाडीचा जुना भाग हातात घेऊन जा. नावं सांगून काही मिळत नाही, नमुना दाखवला की दुकानदार आत जाऊन काढून आणतो.

ती खरंच पोलिसांची होती का

जीप मिळणं एक आणि पोलिसांची जीप मिळणं दुसरं. पाटबंधारे, वनखातं, पंचायत समिती, महसूल, सगळ्यांकडे याच गाड्या होत्या. मालकाच्या शब्दावर जाऊ नका, त्यालाही ऐकून माहीत असतं.

सर्वांत पक्का पुरावा कागदाचा. नोंदणी पुस्तकात पहिला मालक म्हणून ‘पोलीस अधीक्षक’ किंवा ‘पोलीस आयुक्त’ असं पद लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. पुस्तक हरवलं असेल तर ज्या आरटीओची पाटी आहे तिथल्या जुन्या रजिस्टरचा उतारा मागा. लिलावाची पावती, ताबा पावती, निर्लेखनाचा आदेश यांपैकी काहीही मालकाच्या ट्रंकेत असू शकतं, जमिनीच्या सातबाऱ्यांच्या घडीत. ती ट्रंक उघडायला लावा. अधीक्षक कार्यालयात माहितीच्या अधिकारात निर्लेखित वाहनांची यादी मागता येते. इतकी जुनी कागदपत्रं बऱ्याचदा नष्ट केलेली असतात, पण दहा रुपयांच्या अर्जात फार काही जात नाही.

दुसरा पुरावा पत्र्याचा. अंधारात टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरा आणि काचेच्या खालची पट्टी, बॉनेटच्या बाजू, मागची फळी बघा. हाताने रंगवलेल्या अक्षरांना जाडी असते. वरून तीन हात मारले तरी त्या अक्षरांच्या कडा तिरप्या उजेडात उठून दिसतात. मग एखाद्या आडोशाच्या जागी, उदाहरणार्थ डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून हळूहळू गोल फिरवा. झाडाच्या खोडासारखी रंगांची वर्तुळं उघडी होतात. माझ्या गाडीवर वरून खाली हिरवा, पांढरा, मग गडद निळा आणि त्याखाली तांबूस प्रायमर निघाला. निळा दिसला तेव्हा मी तिथेच मांडी घालून बसलो. त्या वर्तुळांचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

तिसरा पुरावा माणसांचा, आणि तो लवकर गोळा करावा लागतो. जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात एमटी, म्हणजे मोटार परिवहन, विभाग असतो. तिथे काम करून निवृत्त झालेले चालक हवालदार जवळपासच राहतात. माझ्या गाडीच्या काचेच्या चौकटीवर डाव्या अंगाला चार भोकं होती. मी ती पाटीची समजत होतो. एक निवृत्त चालक काका बघायला आले, त्यांनी चार बोटं त्या चार भोकांवर ठेवली.

“काका, ही पाटीचीच ना?”

“पाटीची नव्हं. पाटी खाली असायची. हितं स्पॉटलाइट हुता. साहेब बसल्या जागेवरनं फिरवायचे. आन् एरियल मागं, त्या कोपऱ्यात. बघा, तितं पत्र्याला आतनं पट्टी जोडली असंल.”

मागच्या कोपऱ्यात आतून हात घातला तर पट्टी होती, गंजलेली पण जागच्या जागी. एरियलच्या हेलकाव्याने पत्रा फाटू नये म्हणून ती लावलेली. कुठल्याही पुस्तकात हे मिळालं नसतं.

पैसे देण्याआधी मोजा आणि वाचा

टेप सोबत ठेवा. सीजे-३बीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे साधारण २०३ सेंटीमीटर असतं. वडापला गेलेल्या कित्येक गाड्यांच्या चेसी कापून लांब केल्या आहेत, जास्त माणसं बसावीत म्हणून. अंतर जास्त भरलं तर चेसीच्या बाजूवर वेल्डिंगचा आडवा टाका शोधा. अशी गाडी मी घेणार नाही. कापलेली चेसी परत जोडून सरळ करता येते असं सांगणारे भेटतील, पण रस्त्यावर तुमच्यासोबत घरची माणसं बसणार आहेत.

चेसी नंबर साफ करून त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो ठसा नोंदणी पुस्तकाशी ताडून पहा. इंजिन नंबरचंही तेच. इथेच बहुतेक व्यवहार अडतात. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी मूळ इंजिन काढून डिझेल बसवली: महिंद्राचं इंटरनॅशनल, प्यूजो, मॅटाडोरचं, जे हाताला लागेल ते. पुस्तकात त्याची नोंद असेल तर गाडी कायदेशीर आहे, पण मूळ नाही. नोंद नसेल तर ती डोकेदुखी विकत घेऊ नका. मूळ इंजिन बाजूला काढून ठेवलंय का, हे मात्र जरूर विचारा. गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याखाली ते असू शकतं.

ही छाननी इतकी कडक का, तर पुढच्या नोंदणीसाठी. १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी वाहनं त्यात बसतात. नवी नोंदणी २०,००० रुपयांत १० वर्षांसाठी होते, पुढे ५,००० रुपयांत ५-५ वर्षांनी. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, आणि माझं मत विचाराल तर तो ठेवावाच. एमएच-१२ पद्धतीच्या आधीची तीन अक्षरी पाटी हाही त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. मात्र या नोंदणीवर रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणं, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. ५० वर्षं भरली नसतील तर नेहमीच्या वाटेने दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

मालकी बदलायला नेहमीचे नमुना २९ आणि ३० लागतात, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर नमुना २८ चं ना-हरकत प्रमाणपत्र. लिलावात घेतलेली गाडी त्या वेळी नावावर केलीच नव्हती, असं फार वेळा निघतं. लिलावातल्या खरेदीसाठी नमुना ३२ वेगळा आहे. जुन्या गाड्यांची नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत नसते, तेव्हा रजिस्टर बघून बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागते. माझ्या गाडीच्या यंत्राला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त या एका नोंदीला लागला. म्हणून कागद मार्गी लागल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

उघडण्याआधी

घरी आणल्यावर गाडी धुवायची घाई नको. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग प्रत्येक भोकाची नोंद. मी एका वहीत गाडीची बाह्याकृती काढली आणि भोकांना क्रमांक दिले: जागा, व्यास, शेजारच्या भोकापासूनचं अंतर, कडा बाहेर वळल्यात की आत. एकूण ६१ निघाली. त्यातली सतरा फवारणीच्या टाकीची आणि नंतरच्या मालकांची, बाकीची खात्यातली. भोकाच्या आतल्या कडेला निळा रंग असेल तर ते रंग देण्याआधी पाडलेलं. उघडा गंज किंवा फक्त हिरवा असेल तर नंतरचं. वेगळं काढायला एवढं पुरतं.

नट-बोल्टांसाठी झिपच्या पिशव्या आणि तारेने बांधलेली पत्र्याची चिठ्ठी वापरा, कागदाची डिझेलमध्ये विरघळते. आणि चाकं काढताना एक ध्यानात ठेवा: या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. सैल करायला ते घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. टायरवाल्याची पोरं हे न जाणता लांब पाइप लावून जोर करतात आणि स्टड तुटतो.

चेसी, ब्रेक, स्टिअरिंग

क्रम असा ठेवा: चेसी, मग ब्रेक-स्टिअरिंग, मग इंजिन-गिअर, शेवटी बॉडी. लोक बॉडीपासून सुरुवात करतात कारण रंग दिसतो. मग इंजिन बसवताना त्याच नव्या रंगावर ओरखडे पडतात.

चेसी सँडब्लास्ट करून घ्या. पुढच्या शिंगांपाशी (चेसीच्या पुढे आलेल्या टोकांपाशी), स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती आणि मागच्या आडव्या पट्टीत भेगा व गंज पहा. ब्लास्ट केलेल्या लोखंडावर त्याच दिवशी प्रायमर गेला पाहिजे. कोकणात किंवा पावसाळ्यात संध्याकाळपर्यंतही थांबू नका.

स्टिअरिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘जुनी जीप अशीच नाचते’ म्हणून लोक ते सोडून देतात. ती अशी नाचत नव्हती. पुढची चाकं जमिनीवर असताना एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून पुढच्या आडव्या पट्टीवरच्या बेलक्रँकवर हात ठेवा. बॉक्समधून येणारा लांब रॉड आणि चाकांकडे जाणारे रॉड यांच्या मधला हा तुकडा. त्याची पिन आणि बेअरिंग झिजली की स्टिअरिंग बोटभर फिरतं पण चाक हलत नाही. ही पिन लेथवर करून घेता येते. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खटका लागला तर किंगपिनची, म्हणजे ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिची, बेअरिंगं. तिथे टोपीखालच्या बारीक पत्र्या, म्हणजे शिम, कमी-जास्त करून ताण बसवायचा असतो. घाईत दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जाडीच्या शिम घातल्या तर गाडी एका अंगाला ओढते. हे झाल्यावरच टायरांचा संशय घ्या.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली असतो आणि सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इथे जुनं काहीही ठेवू नका. सगळे पाइप, होज, रबर नवीन. व्हील सिलिंडरला आतून खड्डे असतील तर स्लीव्ह घालून घ्या. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या बाजूला शाफ्टवर लागतो. तो ड्रम तेलाने भिजला असेल तर आधी सील बदला, नाहीतर उतारावर गाडी थांबणार नाही.

इंजिन आणि गिअर

चार सिलिंडर, २१९९ सीसी, बोअर ३.१२५ इंच आणि स्ट्रोक ४.३७५ इंच. स्ट्रोक लांब असल्याने हे इंजिन पळवायचं नसतं, कमी फेऱ्यांत ओढवायचं असतं. गस्तीच्या गाडीला तेच हवं होतं.

बंद पडलेल्या इंजिनाला धक्का मारून किंवा ओढून फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि गिअरचं पातळ तेल ओता, आठवडाभर सोडा. मग पुढून हँडल लावून अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे, असं करत सोडवा. सुटलं तर कॉम्प्रेशन मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडण्याची घाई नको. एखादा फार खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. थंड इंजिनावर व्हॉल्व्हची फट इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, बाजूच्या झाकणामागे असतात. तिथे हात नीट जात नाही, म्हणून बरेच मिस्त्री फक्त वरचे लावतात. झाकण उघडून खालचेही लावले का, हे समोर उभं राहून बघा. प्लगची फट ०.०३० इंच, पॉइंटची ०.०२०.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. फ्यूएल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गास्केटं, रबरी नळ्या, सगळं इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारचं घ्या. टाकी सीटखाली असते. ती आतून गंजलेली असेल तर साफ करून कोटिंग करण्यापेक्षा तळ नवा बसवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

गिअरबॉक्स तीन गिअरचा. पहिल्याला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून घेणारी सोय) नाही, गाडी थांबल्यावरच टाकायचा. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकमेकांना जोडलेले असतात आणि मधलं सील गेलं की एकातलं तेल दुसऱ्यात जातं. एकाची पातळी वाढलेली आणि दुसऱ्याची उतरलेली दिसली तर हेच कारण. नुसतं तेल घालत राहू नका.

पत्रा

पंजाब-हरियाणाकडून तयार टब, म्हणजे बॉडीचा पत्र्याचा मुख्य भाग, मिळतो, नवाकोरा, आणि जुना दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्तात. साध्या जीपसाठी तो घ्या, माझी काही हरकत नाही. पोलीस जीपसाठी घेऊ नका, कारण मग पोलिसांची म्हणून उरतं ते फक्त चेसी.

सडलेला भाग बहुधा फरशीचा असतो, टाकीच्या खालचा खड्डा, मागच्या चाकांमागचे कोपरे आणि काचेच्या चौकटीची खालची नळी. फरशीखालच्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांत पाणी साठतं आणि गंज आतून येतो. वरून हातोडीच्या मागच्या बाजूने ठोका, ‘टण’ ऐवजी ‘थप’ आवाज आला तिथे पत्रा संपलेला. तेवढाच तुकडा कापा, १८ गेजचा पत्रा घाला, टाके अंतर सोडून मारा म्हणजे पत्रा वाकणार नाही. टबला सँडब्लास्ट नको, पातळ पत्रा लाटांसारखा होतो. रिमूव्हर आणि तारेचा ब्रश, वेळ लागू द्या.

नव्या तुकड्यात जुनं भोक येत असेल तर वहीतल्या मापाने ते परत पाडा. नंतरच्या मालकांची भोकं बुजवा, खात्यातली उघडी ठेवा, किंवा ज्या वस्तूची ती आहेत ती वस्तू मिळेपर्यंत आतून रबरी बूच लावा.

वायरिंगवर फार लिहीत नाही. आधी गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची हे बल्बवरून आणि डायनामोच्या पट्टीवरून ठरवा, मग नवा हार्नेस कापडी आवरणाचा करून घ्या. सीटची गादी आणि टप कोणताही चांगला ताडपत्रीवाला करून देईल, फक्त कापड प्लॅस्टिकचं नको, कॅनव्हास हवं.

रंग, अक्षरं आणि कायदा

दिवाळीनंतर रंगाला हात घाला. तोवर पत्रा प्रायमरमध्ये कोरडा होऊ दे. सरकारी गाड्यांना सिंथेटिक इनॅमल असायचा, त्याची चकाकी मऊ आणि खोल असते. वर क्लिअर कोटचा काचेसारखा थर मारला की गाडी शोरूमची दिसते, आणि ती कधीच तशी नव्हती. छटा फोटोवरून ठरवू नका, जुने फोटो रंग खोटा दाखवतात. डॅशबोर्डच्या मागे, उन्हा-पावसापासून वाचलेला जो निळा मिळाला त्याच्याशीच जुळवा. पट्टे, गाडीवरचे क्रमांक, बोधचिन्हाची जागा हे जिल्ह्याजिल्ह्यात आणि काळाप्रमाणे बदलत गेलं आहे, तेव्हा दुसऱ्याच्या गाडीची नक्कल न करता आपल्या पत्र्यावरच्या कडा वाचा. लष्करी हिरवा मात्र कुणी सुचवला तरी नको. तो रंग नियमाने संरक्षण खात्यासाठी राखीव आहे. गाडीचा रंग बदलत असाल तर आरटीओत तशी नोंद करून घ्या.

अक्षरांसाठी रेडियमवाल्याकडे जाऊ नका. ब्रशने पाट्या रंगवणारा पेंटर अजून तालुक्याच्या गावी सापडतो. त्याला तिरप्या उजेडात काढलेला फोटो आणि ट्रेसिंग पेपरवर घेतलेल्या कडा द्या. माझ्या पाटीवरच्या ‘पोलीस’मधल्या ‘ली’ची वेलांटी उजवीकडे जरा जास्त झुकलेली होती. पेंटर म्हणाला, “सरळ करून देऊ का?” मी नको म्हटलं. ज्याने ती पहिल्यांदा काढली त्याच्या हाताचं वळण होतं ते. डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तर मागच्या फळीवरचं ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ही तसंच परत लिहून घ्या.

आता महत्त्वाचं. खासगी माणसाने लाल-निळा दिवा आणि सायरन वापरणं कायद्याने चालत नाही, गाडी कितीही जुनी असली तरी. माझ्या गाडीत सायरनचं कवच जागेवर आहे, मोटर काढलेली आहे. वायरलेस संचाची फक्त पेटी आहे, आत काही नाही, कारण चालू संच बाळगायला परवाना लागतो. ‘पोलीस’ पाटी प्रदर्शनाच्या जागीच उघडी असते. रस्त्यावर तिच्यावर कॅनव्हासचं झाकण, बंद बांधून. सरकारी नोकर असल्याचं भासवण्यासाठी खूण वापरणं हा गुन्हा आहे, आणि तुमचा हेतू चांगला आहे हे नाक्यावरच्या शिपायाला कळायचा मार्ग नाही. कार्यक्रमाला नेण्याआधी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आणि अधीक्षक कार्यालयात लेखी कळवा, शिक्का मारलेली प्रत गाडीत ठेवा. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिवस असतो, तेव्हापासून आठवडाभर ठिकठिकाणी कार्यक्रम होतात. अशा वेळी रीतसर विचारलं तर गाडी उभी करायला जागा मिळू शकते, आणि तिथे जुने चालक भेटतात ते वेगळंच.

पहिले पाचशे किलोमीटर

ब्रेकची परीक्षा आधी मोकळ्या मैदानात घ्या. पहिल्या २० किलोमीटरनंतर चाकांचे नट परत आवळा, डाव्या बाजूचे उलटे आहेत हे विसरू नका. इंजिन उघडलं असेल तर ५०० किलोमीटरला तेल बदला आणि त्या तेलात बोट बुडवून उजेडात बघा. बारीक चकाकी दिसली तर बेअरिंगं पाहावी लागतील. हेडचे बोल्ट इंजिन थंड झाल्यावर ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळा, व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजा. ताशी ५०-६० च्या वर नेऊ नका.

डॅशबोर्डच्या खणात एक लॉगबुक ठेवा, खात्यातल्यासारखंच: तारीख, निघतानाचं किलोमीटर, पोचल्यावरचं, इंधन, तेल, सही. माझ्या लॉगबुकात पहिली सही त्या चालक काकांची आहे. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी क्लच दाबून गिअरचा दांडा तीनदा हलवून पाहिला, मग उजवा हात बाहेर काढून मागची एरियल जागेवर आहे का ते चाचपलं, आणि मगच चावी फिरवली.